व्याख्यान आणि चहा

पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेस २०२५ सालीं दीडशें वर्षें पुरीं झालीं. आपल्याकडे संस्था जन्मास येतात पुष्कळ. पण पहिला अहवाल छापून झाल्यावर त्यांतल्या बहुतेकींचा दम संपतो. अशा स्थितींत एका शहरानें दर उन्हाळ्यांत, एप्रिल-मे महिन्यांच्या उकाड्यांत, संध्याकाळीं एकत्र जमून कोणा विद्वानाचें बोलणें ऐकण्याची संवय दीड शतक टिकवून धरावी, ही गोष्ट सामान्य नव्हे. तिच्या गौरवाचे लेख पुष्कळ येऊन गेले आणि ते योग्यच होते. मला येथें गौरव करावयाचा नाहीं. टीका करावयाची आहे. पण ती त्या एका मालेवर नव्हे. व्याख्यानमाला नांवाचा जो प्रकार मराठी शहरांनीं एकोणिसाव्या शतकांत घडविला, आणि ज्याचें अनुकरण पुढें पेठापेठांतून, वाचनालयांतून व उपनगरांतून झालें, त्या प्रकारावर. नाटक, कादंबरी, कविता यांचें गुणदोषविवेचन आपण नेहमीं करितों. मग ज्या प्रकाराचें सेवन आपल्या पांढरपेशा वर्गानें त्यांच्याइतक्याच नेमानें केलें, त्याचें कां करूं नये?

आमच्या उपनगरांतल्या एका व्याख्यानमालेस मी गेलीं वीस वर्षें जात आहें. प्रवेश विनामूल्य असतो आणि दार खरोखरच उघडें असतें. कोणी कोणास अडवीत नाहीं. आंत खुर्च्यांच्या रांगा एकाच दिशेस तोंड करून मांडलेल्या असतात. पुढें व्यासपीठ, त्यावर टेबल, टेबलावर हार आणि वक्त्यासाठीं पाण्याचा पेला. वक्ता तासभर बोलतो, अध्यक्ष पाऊण तास समारोप करितात, आणि मग "वेळेच्या अभावीं प्रश्नोत्तरें घेतां येत नाहींत" अशी दिलगिरी प्रकट होते. क्वचित् वेळ उरलाच तर प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावयाचे. अध्यक्ष त्या चिठ्ठ्या मनांतल्या मनांत वाचतात, आणि ज्यांचें उत्तर वक्त्यास सोयीचें अशा दोन मोठ्यानें वाचतात. माझ्या डाव्या हातच्या खुर्चीवर वर्षानुवर्षें एक गृहस्थ बसत. "ही जागा रिकामी आहे का?" यापलीकडे आम्ही एकमेकांशीं कधीं बोललों नाहीं. एका वर्षीं ते दिसले नाहींत. ते वारल्याचें मला दारांतल्या फळ्यावर कळलें, आणि त्यांचें नांवहि त्याच दिवशीं कळलें. ते माझ्या मागच्याच गल्लींत राहत होते.

यांत अपराध कोणाचा म्हणावा? वक्त्यांचा नव्हे, त्यांतले कित्येक उत्तम बोलले. चालकांचाहि नव्हे. आम्हां दोघांचा थोडासा असेल. पण मला वाटतें, मुख्य अपराध आहे तो खुर्च्या मांडण्याचा.

हें म्हणण्यापूर्वीं व्याख्यानाचें आपल्यावर ऋण किती आहे तें मान्य केलें पाहिजे. महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकारानें १८७५ सालीं पुण्याची माला सुरू झाली. तेव्हां ते न्यायमूर्ति झालेले नव्हते, पुण्यांत दुय्यम न्यायाधीशाचें काम पाहत होते. त्याच्या दोन-तीन वर्षें आधीं त्यांनीं पुण्यांतच देशी व्यापाराविषयीं व्याख्यानें दिलीं होतीं. तीं ऐकून श्रोते घरीं जाऊन निजले असें झालें नाहीं. गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, त्यांनीं स्वदेशी वस्तूंचें व्रत घेतलें आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास ते हातसुताच्या जाड्याभरड्या कपड्यांत जाऊन बसले. एका व्याख्यानाचें फळ याहून अधिक काय असावें? शिवाय, मधें न बोलतां तासभर ऐकून घेणें ही विद्या आपल्या समाजास उपजत नव्हती. कीर्तनानें ती थोडीबहुत शिकविली होती. पण कीर्तनांत ऐकावयाचें तें आधींच मान्य असलेलें. आपल्यास न पटणारें शांतपणें ऐकावयास शिकविलें तें व्याख्यानानें. मराठी गद्यास लांब पल्ल्याचें वाक्य पेलण्याचें जें बळ आलें, त्यांतहि व्याख्यानाचा वांटा मोठा आहे असें मला वाटतें.

परंतु न पटणारें ऐकून घेतल्यावर त्या न पटण्याचें काय करावयाचें, याची सोय व्याख्यानांत नाहीं. ज्या वर्षीं माला सुरू झाली त्याच १८७५ सालीं रानडे प्रभृतींच्या निमंत्रणावरून स्वामी दयानंद सरस्वती पुण्यास आले आणि त्यांचीं व्याख्यानें झालीं. व्याख्यानें सभ्यपणें झालीं. अखेरीस स्वामींची मिरवणूक निघाली, तेव्हां विरोधकांनीं एका गाढवास गर्दभानंद असें नांव देऊन त्याची दुसरी मिरवणूक काढली. चिखलफेक झाली, मारामारीहि झाली. जोतीराव फुले त्या दिवशीं स्वामींच्या मिरवणुकींत होते. पुण्याच्या सनातनी मंडळींची ही असभ्यता म्हणून या प्रसंगाचा उल्लेख नेहमीं होतो, आणि ती असभ्यता होतीच. पण मला त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. तें गाढव म्हणजे एक प्रकारचा प्रश्नच होता. सभागृहांत विचारतां न आलेला, म्हणून रस्त्यावर आलेला. सभेंत फक्त एकानें बोलावयाचें अशी रीति पडली, म्हणजे बाकीच्यांचें बोलणें नाहींसें होत नाहीं. तें दुसरीकडे जाऊन दुसरें रूप घेतें.

आतां खुर्च्यांकडे वळतों. व्याख्यानास जमलेलीं माणसें एकत्र बसतात, पण एकमेकांसाठीं बसत नाहींत. प्रत्येकाचें नातें समोरच्या व्यासपीठाशीं असतें, शेजारच्या खुर्चीशीं नसतें. ही रचना आपल्यास इतकी सोयीची कां वाटली, आणि इतर अनेक विलायती रीतींना नाकें मुरडणाऱ्या पुण्यामुंबईनें ही एक रीति चटकन् आपलीशी कां केली, याचें कारण मला १८९० सालच्या एका चहांत सांपडतें.

ती कथा पुष्कळांस ठाऊक आहे, तरी या दृष्टीनें ती पुन्हा सांगण्याजोगी आहे. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें त्या वर्षीं एका व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतले चाळीस-पन्नास प्रतिष्ठित लोक जमले. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. ज्यांचें एकमेकांशीं वर्तमानपत्रांतून हाडवैर, अशीं माणसें एका छताखालीं बसलीं. त्यांनीं ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरांत बसून व्याख्यान ऐकलें, यांत कोणासहि कांहीं वावगें वाटलें नाहीं. व्याख्यान संपल्यावर चहा आला, आणि त्याबरोबर बिस्किटें. कोणी चहा प्याले. कोणी भीड न मोडावी म्हणून पेला नुसता हातांत घेतला. कोणी ओठांस लावून खालीं ठेवला. पुढें गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पति, यांनीं या मंडळींचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांतून जगजाहीर केलीं, आणि शहरांत ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. त्यांनीं नेमलेल्या शास्त्र्यांपुढें चौकशी चालली. कोणी किती प्याला, प्याला कीं नुसता शिवला, याचा ऊहापोह झाला. टिळकांसारख्या कायदेपंडितानें आपली बुद्धि या पेल्याच्या कामीं खर्च केली. अखेर कित्येकांनीं प्रायश्चित्त घेतलें. पुढें १८९२ सालीं रानड्यांनींहि घेतलें, आणि त्यामुळें सुधारकांस व त्यांच्या स्वतःच्या घरांतहि जें दुःख झालें तें रमाबाई रानडे यांच्या आठवणी वाचणारांस माहीत आहेच.

या प्रकरणाची आपण थट्टा करितों. चहाच्या पेल्यांतलें वादळ म्हणून हंसून सोडून देतों. पण त्या काळच्या लोकांस एक गोष्ट आपल्याहून स्पष्ट कळत होती. व्याख्यान ऐकल्यानें माणूस बदलेल, न बदलेल. परंतु एकाच किटलींतला चहा घेऊन दोघे समोरासमोर बसले कीं ते बोलूं लागणार, आणि बोलूं लागले कीं त्यांच्यांतलें अंतर पूर्वींइतकें राहणार नाहीं. शंकराचार्यांनीं मिशनऱ्याच्या व्याख्यानाची चौकशी केली नाहीं, चहाची केली. धोका कोठें आहे हें धर्मपीठास बरोबर समजलें होतें.

व्याख्यानमालेचा आराखडा आतां पुन्हा डोळ्यांपुढें आणावा. वक्त्यापुढें पाण्याचा पेला असतो. श्रोत्यांपुढें कांहीं नसतें. कोणाच्या हातचें घ्यावें लागत नाहीं, कोणाशीं बोलावें लागत नाहीं, शेजारचा कोण हें विचारावें लागत नाहीं. ज्या समाजांत दहा जातींचीं माणसें एका पंक्तीस बसूं शकत नव्हतीं, त्या समाजास दहा जातींच्या माणसांना एका रांगेंत बसवितां येईल असा हा एक प्रकार मिळाला. रानड्यांनीं असा हिशेब करून माला काढली असें मी म्हणत नाहीं. त्यांचा हेतु लोकशिक्षणाचा होता आणि तो निर्मळ होता. पण एखादा प्रकार समाजांत रुजतो तो केवळ हेतूवर रुजत नाहीं. जमिनीस काय मानवतें यावरहि रुजतो. आपल्या जमिनीस विटाळाची अडचण न आणणारा सहवास मानवला.

उलट बाजू पाहावयाची असेल तर मुंबईची परमहंस सभा आहे. १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग प्रभृतींनीं ती काढली. जातिभेद मोडावयाचा तर एकत्र खाल्लें पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें. परजातीच्या माणसानें भाजलेला पाव खाणें हा सभासद होण्याचा विधीच होता. पण ही सभा गुप्त होती. पुढें सभासदांच्या नांवांची यादी बाहेर फुटल्याची वार्ता पसरली, आणि जी मंडळी आंत धीटपणें पाव खात होती ती रातोरात पांगली. म्हणजे जे एकत्र खात ते दार लावून घेत, आणि जे दार उघडें ठेवीत ते एकत्र खात नसत. उघडें दार आणि सामाईक पेला यांची गांठ आपल्या शहरांत फार उशीरां पडली, आणि अजून ती पक्की बसलेली नाहीं.

बायकांच्या जगांत शेजारणींस बोलावण्याची रीत होती, आणि ती पुरुषांच्या सभांपेक्षां जुनी. हळदीकुंकवास आळींतल्या बायका जमत, तेथें खिरापतहि मिळे आणि बोलणेंहि होई. घरोघरचीं सुखदुःखें तेथें जितकीं कळत तितकीं कोणत्याहि सभेंत कळलीं नसतील. पण त्या दारांतून विधवेस आंत येतां येत नसे. पंडिता रमाबाईंनीं १८८२ सालीं पुण्यांत आर्य महिला समाज काढला तेव्हां बायकांना एकत्र जमणें नवें नव्हतें. विधवेसह जमणें नवें होतें.

मोकळ्या हवेंतल्या मोकळ्या संवादाचा एक मोठा प्रयोग मात्र याहि आधीं होऊन गेला होता. १८५७ सालीं मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे वादविवाद झाले. छत नाहीं, खुर्च्या नाहींत, तिकीट नाहीं. वाळूवर जो येईल त्यानें उभें राहून ऐकावें. येथें विटाळाचा प्रश्नच नव्हता, कारण वारा कोणाच्या मालकीचा नसतो. वैदिक धर्म व ख्रिस्ती धर्म यांची तुलना प्रत्यक्ष त्या त्या धर्माच्या माणसाच्या तोंडून, तोंडावर, शहरानें ऐकली. असा प्रसंग मराठी मुलुखांत पूर्वीं क्वचितच आला असेल. तथापि त्यांत एक उणें होतें. तो वाद होता, जिंकण्यासाठीं होता. त्याचा इंग्रजी वृत्तांत जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानें प्रसिद्ध केला, आणि मराठी वृत्तांत बुवांच्या पश्चात् १८७२ सालीं 'समुद्रकिनारीचा वादविवाद' या नांवानें निघाला. एकाच बोलण्याचीं दोन पुस्तकें व्हावीं लागलीं. भोंवतीं उभे राहिलेले मुंबईकर एकमेकांशीं काय बोलले, परततांना वाटेंत कोणी कोणास काय विचारलें, हें दोहोंपैकीं कोणीच टिपलें नाहीं. आणि मला तर तेंच वाचावयास हवें होतें.

मराठी वाङ्मयांत सामान्य माणसाच्या तोंडीं प्रश्न घातला तो फुल्यांनीं. 'गुलामगिरी' हें १८७३ सालचें पुस्तक धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपानें लिहिलेलें आहे. टीकाकाराच्या दृष्टीनें पाहिलें तर हा संवाद सर्वत्र समतोल नाहीं. धोंडिबा पुष्कळदां जोतीरावांस पुढचें बोलण्यासाठीं निमित्त पुरवितो. पण तो विचारतो, अडवितो, शंका काढतो. पुण्यांत व्याख्यानांचें युग सुरू होत असतां त्याच पुण्यांत एका लेखकास आपला विचार प्रश्नोत्तरांखेरीज मांडवेना, हें मला महत्त्वाचें वाटतें. धोंडिबास बसावयास खुर्ची कोणत्या सभेंत होती? आणि ज्यानें हा संवाद लिहिला त्यानें १८६८ सालींच आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला होता. पाणी आधीं, पुस्तक नंतर.

म्हणूनच १८८५ सालचें तें प्रसिद्ध पत्र मला उद्धटपणाचें वाटत नाहीं. रानड्यांनीं पुण्यांत ग्रंथकारांची सभा भरविली आणि फुल्यांस निमंत्रण दिलें. फुल्यांनीं नकार कळविला. जे इतरांचे मनुष्यपणाचे हक्क आपल्या वर्तनांत मान्य करीत नाहींत, त्यांच्या सभांचा आणि पुस्तकांचा आमच्या सभांशीं व पुस्तकांशीं मेळ बसणार नाहीं, असा त्या पत्राचा भावार्थ आहे. निमंत्रण सद्भावनेचें होतें. दार उघडें होतें. प्रवेशास कांहीं मूल्य नव्हतें. तरीहि ते गेले नाहींत. "आम्हीं सर्वांस बोलाविलें होतें, ते आले नाहींत त्याला आम्ही काय करणार?" असें जे चालक आजहि अहवालांत लिहितात, त्यांनीं हें पत्र एकदां काढून वाचावें. शहराच्या सार्वजनिक या शब्दांत कोण येतें हें निमंत्रणपत्रिकेवरून ठरत नाहीं. मुंबईच्या कायदे कौन्सिलानें १९२३ सालीं सी. के. बोले यांचा ठराव मान्य करून सार्वजनिक विहिरी, तळीं, शाळा अस्पृश्यांस मोकळ्या केल्या. तरी महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्यावयास १९२७ सालीं डॉक्टर आंबेडकरांस हजारों माणसें घेऊन जावें लागलें, आणि त्याबद्दल मार खावा लागला तो त्या माणसांना.

आज स्थिति पालटली आहे, हें कोण नाकारील? इराण्याच्या दुकानांतल्या संगमरवरी टेबलानें जें केलें तें कित्येक परिषदांना साधलें नाहीं. तेथें शेजारी कोण येऊन बसला हें कोणी विचारीत नसे. विचारण्यास जावें तर चहा निवे. पण तेथेंहि अनोळखी माणसाशीं बोलण्याचा प्रघात नव्हता. टेबल एक, वर्तमानपत्रें दोन. दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा हा गप्पांचा मोठा आश्रय आहे, पण तेथें प्रत्येक घोळक्याची जागा ठरलेली असते आणि त्यांत परक्यानें बसणें म्हणजे लग्नांत वऱ्हाड चुकल्यासारखें होतें. मित्रांना बोलावयास शहरांत जागा पुष्कळ आहे. ज्यांची ओळख नाहीं पण ज्यांचें पाणी, कचरा, रस्ता आणि शाळा एक, त्यांना बोलावयास जागा नाहीं.

दुसऱ्या देशांत हा विचार झालेला आहे. अमेरिकेंत बॉस्टन शहरीं १९०८ सालीं फोर्ड हॉलमध्यें विनामूल्य सभा सुरू झाल्या. तेथें व्याख्यानाइतकेंच महत्त्व श्रोत्यांच्या प्रश्नांस होतें. पॅरिसांत मार्क सोते या तत्त्वज्ञानाच्या अध्यापकानें १९९२ सालीं बास्तीय चौकांतल्या एका कॉफीगृहांत रविवारीं सकाळीं लोकांना जमवावयास आरंभ केला. विषय आलेल्यांनींच सुचवावयाचा, त्यांतला एक तेथल्या तेथें निवडावयाचा, आणि मग दोन तास ज्याला बोलावयाचें त्यानें बोलावयाचें. विद्यापीठांतल्या तत्त्वज्ञांनीं या उद्योगाची पुष्कळ चेष्टा केली. चेष्टेस जागा होतीहि. मोकळ्या बोलण्यांत पाल्हाळ फार, आणि दोन तासांत एखादेंच वाक्य घरीं नेण्याजोगें निघतें. पण त्या कॉफीगृहाची नक्कल पुढें गांवोगांव आणि देशोदेशीं झाली. माणसांना उत्तम विचार ऐकावयास मिळत नव्हते म्हणून नव्हे. ते तर त्यांना पुस्तकांत मिळत होते. आपला अर्धाकच्चा विचार ऐकून घेणारें कोणी मिळत नव्हतें.

हें सर्व मी लिहितों आहें तें केवळ पुस्तकें वाचून नव्हे. गेल्या वर्षीं आम्हीं चार-पांच जणांनीं आमच्या गल्लींतल्या शाळेच्या ओसरीवर महिन्यांतून एक रविवार असें बसावयाचें ठरविलें. एका बाजूस जुनी चाळ, दुसऱ्या बाजूस पंचवीस मजल्यांची नवी इमारत. मधें बारा हातांचा रस्ता. नियम थोडे केले. व्यासपीठ नाहीं, अध्यक्ष नाहीं, हार नाहीं; कोणीहि तीन मिनिटांहून अधिक बोलूं नये; आणि चहा सर्वांना. सतरंज्या गोल अंथरल्या. पहिल्या दिवशीं तेवीस माणसें आलीं. त्यांत चाळींतले नऊ, इमारतींतले अकरा, इमारतीचे एक रखवालदार, सफाईचें काम करणाऱ्या एक बाई, आणि सेवानिवृत्त झालेले एक गृहस्थ, जे कोठून आले तें कोणासच ठाऊक नव्हतें.

विषय आपोआप निघाला तो पाण्याचा. चाळीस सकाळीं पाऊण तास पाणी येतें; इमारतीस दिवसभर असतें, कमी पडलें तर टँकर येतो. इमारतींतले एक गृहस्थ पाणीपुरवठ्याच्या योजनांविषयीं फार चांगलें बोलले. आंकडे त्यांना तोंडपाठ होते. त्यांचें झाल्यावर चाळींतल्या एका वहिनींनीं विचारलें, "तुमच्याकडे मोटारी किती वाजतां धुतात, काका?" क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग काकांनीं प्रामाणिकपणें वेळ सांगितली, आणि ती चाळीच्या नळाचीच वेळ निघाली. माझ्या वीस वर्षांच्या व्याख्यानश्रवणांत इतका नेमका प्रश्न मीं ऐकला नव्हता. चिठ्ठीवर लिहून दिला असता तर तो खात्रीनें वाचला गेला नसता. त्यानंतर त्या सेवानिवृत्त गृहस्थांनीं "थोडक्यांत सांगतों" म्हणून बावीस मिनिटें घेतलीं, आणि तीन मिनिटांचा नियम त्यांना सांगण्याचें धैर्य आम्हां कोणांतच नव्हतें. व्याख्यान आपल्या हाडींमाशीं खिळलें आहे तें असें.

मग चहा आला. चहाची व्यवस्था मजकडे होती. कपबशा इमारतींतून आल्या होत्या, चांगल्या चिनी मातीच्या. चहा वाटला गेला, बोलणीं चालू राहिलीं, आणि मी समाधानानें इकडेतिकडे पाहत होतों. निघतांना माझ्या लक्षांत आलें कीं रखवालदारांच्या आणि सफाईच्या बाईंच्या हातांत कागदी पेले होते. कोणी मुद्दाम केलें नव्हतें. कपबशा कमी पडल्या असें वाटणाऱ्या मुलानें सांगितलें, आणि तो खोटें बोलत होता असें मला वाटत नाहीं. त्याचा हात आपसूक तिकडे गेला असावा. पण मागाहून मोजल्या तेव्हां तीन कपबशा स्वच्छ, कोरड्या, शिल्लक होत्या. मीं त्या स्वतः मोजून आणल्या होत्या, आणि मीं पाहिलें नव्हतें.

दुसऱ्या महिन्यांत त्या बाई आल्या नाहींत. मी त्यांना जिन्यांत गांठून विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "काम होतं, काका." मीं कपबशीचा विषय काढला नाहीं, आणि त्यांनींहि काढला नाहीं. हें बोलणें जिन्यांतच राहिलें, ओसरीवर आलें नाहीं.

तिसऱ्या वेळीं चहा चाळींतून करून आणावयाचें ठरलें. वहिनींनीं दोन किटल्या आणि सगळ्या खोल्यांतून जमविलेले कप आणले; एकासारखा दुसरा नव्हता. त्या दिवशीं बाई आल्या होत्या, त्यांना कान तुटलेला निळा कप मिळाला, मला एका लग्नांत वाटलेला नांवाचा. माणसें एकवीस होतीं. बोलणें कचऱ्यावरून शाळेवर आणि शाळेवरून इमारतीच्या दोन उद्वाहनांवर गेलें, त्यांतलें एक कामकरी माणसांसाठीं वेगळें कां, या प्रश्नापाशीं येऊन अडलें, आणि पुढच्या महिन्यांत तोच विषय घ्यावा असें ठरून लोक उठले. इमारतींतल्या दोघांनीं मधुमेहामुळें चहा सोडल्याचें सांगितलें. पाण्याचे आंकडे सांगणाऱ्या काकांनीं कप घेतला, बोलत असतां तो बराच वेळ हातांत धरला, आणि जातांना खिडकींत ठेवला. सतरंज्या गुंडाळतांना मीं तो उचलला. चहा तसाच होता. वर साय धरली होती.